अबोल्याचा अभ्यास

माझ्या आत्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, आणि पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. पोरांना वाटलं, याच शिकवायला आल्यात. दुसरी कुणी असती तर लाजून पळून गेली असती. आत्याने वर्गावरून एकदा नजर फिरवली, "बसा" म्हणाली आणि स्वतः तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मग खऱ्या बाई आल्या. त्या आत्याच्या निम्म्या वयाच्या, पाठीला सॅक लावलेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी उठलंच नाही. घरी येऊन हे सांगताना आत्या हसून हसून डोळे पुसत होती. सांगत होती ती मला. बाबा तिथेच हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते, पण त्यांना नव्हे. का नव्हे, तेच तर सांगायचंय.

आत्याने विषय घेतला होता मानववंशशास्त्र. जन्मभर तिने बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. अमुक गाडी कधी सुटते, तमुक गाडी कुठे लागते, शेवटची गेली का. खिडकीशी माणूस कसा वाकतो यावरून ती ओळखायची की याची गाडी चुकलीय, की याला मुळात जायचंच नाहीये. निवृत्त झाली त्या दिवशी म्हणाली, आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, आता मी लोकांना विचारणार. आणि खरंच कॉलेजचा अर्ज घेऊन आली.

आमच्या घरात माणसं तीन. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. आत्या चार दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आली आणि मग ती बॅग माळ्यावर गेली ती गेलीच. मला तिने वाढवलं. माझे बाबा, म्हणजे तिचा पाठचा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट मध्येच अडकली आणि आत माणूस असला की बाबांच्या अंगात निराळंच कुणीतरी येतं. बंद दाराला तोंड लावून ते इतक्या मायेनं बोलतात, की घाबरू नका, मी इथेच आहे, कुठे राहता, घरी कोण कोण असतं, की अडकलेला माणूस बाहेर येतो तो दोस्त होऊनच. आणि मी दातांच्या कवळ्या बनवते. दुसऱ्यांच्या तोंडाची सोय लावायची हा माझा धंदा, आणि घरी येऊनही मी तेच करत होते.

तर अर्ज आणला त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, या वयात? लोक हसतील. माणसंच बघायची तर खिडकीत बसून काय कमी बघितलीस, त्याला कॉलेज कशाला हवं? बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांच्या स्वभावाला औषध नाही. आत्या एरवी असल्या गोष्टी हसण्यावारी नेते. पण आमच्या घरात एक जुनी गोष्ट होती, सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीच न काढलेली. दोघं लहान असताना एकालाच पुढे शिकवणं घराला परवडणार होतं. मार्क आत्याचे जास्त होते. शिकायला पाठवलं बाबांना, आणि आत्या गेली खिडकीत. तिने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी काढला.

"तुझ्या वेळी मी खिडकीत जाऊन बसले," ती म्हणाली. "आता माझ्या वेळी तू गप्प बस."

बाबा गप्प बसले. मला वाटलं, सकाळपर्यंत. मग वाटलं, रविवारपर्यंत. पण कुठलं काय. बाबांचं म्हणणं, मला गप्प बसायला सांगितलंय, ज्याने बसवलं त्याने उठवावं. आत्याचं म्हणणं, मी खोटं काय बोलले, ते परत का घेऊ? दोघंही एकाच आईची. मला विचाराल तर बाबांना राग आलाच नव्हता. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटली की रागावल्यासारखं दिसणं त्यांना सोपं जातं. पण हे त्यांना कोण सांगणार?

एरवी ताई ताई करत तिच्या मागे फिरणारे बाबा आता तिला "तुझी आत्या" म्हणायला लागले. नातं माझ्या अंगावर टाकून मोकळे झाले. आत्या त्यांना "तुझे वडील" म्हणायची. आणि मधे मी. तुझ्या आत्याला सांग, मी उशिरा येईन. तुझ्या वडिलांना सांग, मग किल्ली न्या. बरं, दोघंही एकाच टेबलाशी, कुणाला ऐकू येत नाही अशातला भाग नाही. पण नियम असा पडला, की निरोप माझ्या तोंडून पोचल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही. एकदा मी तोंडात ब्रश घालून उभी, तर बाबा म्हणतात, तुझ्या आत्याला सांग, दूध वर येतंय. आत्या शेगडीपासून दोन पावलांवर. तिने ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी बोलायची वाट बघत थांबली. मी तोंडातला फेस थुंकून "आत्या, दूध" म्हणेपर्यंत निम्मं दूध शेगडीवर. पुसलं कुणी? मीच.

वैताग यायचा, पण चालत होतं. न चालून सांगतं कुणाला? खरी भीती मला बसली ती मी मैत्रिणीच्या लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेले तेव्हा. परत येऊन जेवायला बसले, तर जेवणात मीठच नाही. घरातलं मीठ संपलं होतं. नवा पुडा बाबांनी आणून कुठल्याशा फडताळात ठेवला होता, तो आत्याला ठाऊक नव्हता, आणि कुठे आहे हे सांगायचं कुणी आणि विचारायचं कुणी? दोन दिवस दोघांनी मुकाट्याने अळणी खाल्लं होतं. मी कपाळाला हात लावला. हसू पण आलं, पण त्याच्या मागून विचार आला. मी कायमची गेले तर ही दोघं काय करतील?

कारण मी जाण्याची वेळ आली होती. दुसऱ्या शहरात एका मोठ्या प्रयोगशाळेत मला काम मिळत होतं. तिथे एकेक दात हाताने रंगवतात, खऱ्यासारखा, किंचित पिवळा, एखादा किंचित वाकडासुद्धा. मला ते शिकायचं होतं, कधीपासून शिकायचं होतं. तिथल्या मालकीणबाई अधूनमधून फोन करून विचारायच्या, येताय ना? मी दर वेळी काहीतरी थाप मारायचे. आत्याचं शेवटचं वर्ष आहे, ते होऊ दे, असं सांगायचे. ते खरंही होतं. पण वर्ष संपल्यावर काय सांगणार होते, ते मलाच माहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक अभ्यास करावा लागतो. कुठल्याशा माणसांमध्ये जाऊन बसायचं, ती कशी वागतात ते बघायचं, आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून ते मांडायचं. बाईंनी बजावलं होतं, बघा, विचारा, पण ढवळाढवळ करू नका. हे आत्याला सांगणं म्हणजे कमाल. ती खिडकीत असताना लोकांना गाडीची वेळ सांगायची आणि वर, इतक्या लहान बाळाला घेऊन आज जाऊ नका, हेही सांगायची. पण तिने मनावर घेतलं. वर्गातल्या पोरांनी कुणी मासेमारांची वस्ती घेतली, कुणी पहिलवानांची तालीम. आत्याने काय घेतलं असेल? कॉलेजमागच्या गल्लीत दोन शिंपी भाऊ होते. एकाच दुकानात काम करायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

मी तिला विचारलं, हाच विषय का? तर म्हणाली, किती वेगळा आहे बघ ना.

थोरला भाऊ कापायचा आणि धाकटा शिवायचा. थोरल्याचं टेबल पुढे, धाकट्याचं मशीन मागे. कापलेलं कापड थोरला न बघता मागे सरकवायचा, धाकटा न बघता उचलायचा. जे काही बोलायचं ते गिऱ्हाइकाच्या मार्फत. जुन्या गिऱ्हाइकांना सवय होती, नवीन माणूस गोंधळायचा. आत्याने तिथे बघितलेला एक प्रसंग ती मला निदान दहा वेळा करून दाखवायची. एक लठ्ठ गृहस्थ कोट घालून बघत होते आणि बटण काही लागत नव्हतं. धाकटा त्यांना म्हणाला, त्याला सांगा, यांचं पोट मागच्या वेळेपेक्षा सुटलंय, कापड जास्त धरायला हवं होतं. ते गृहस्थ बिचारे पुढे वळले आणि थोरल्याला म्हणाले, माझं पोट सुटलंय. थोरला म्हणाला, त्याला सांगा, मला दिसलं होतं, पण तुम्ही श्वास ओढून उभे होता. ते मागे वळले आणि म्हणाले, मी श्वास ओढून उभा होतो. इतका प्रामाणिक कबुलीजबाब कुठल्या कोर्टातसुद्धा झाला नसेल.

भांडण कशावरून, हे आत्याने दोघांनाही विचारलं. दोघांनीही सांगितलं, त्याला विचारा.

आत्या घरून एक स्टूल घेऊन गेली आणि दोघांच्या मधोमध ठेवून बसली. थोड्याच दिवसांत घरी आली ती हवेत. त्यांनी मला आपलं मानलं, म्हणाली. आता ते दोघं गिऱ्हाइकाची वाट बघत नाहीत, सगळं माझ्याच मार्फत बोलतात. बाई वर्गात नेहमी म्हणायच्या, लोकांनी तुम्हाला सामावून घेतलं की अर्धा अभ्यास झाला. आत्याचा झाला होता. आधी गिऱ्हाइकाकरवी नुसतं कामाचं बोलणं व्हायचं, बाही, कॉलर, काज. आता आत्याकरवी सगळंच व्हायला लागलं. त्याला विचारा, गुडघा कसा आहे. त्याला सांगा, काल पाहिलेला खेळ भिकार होता. एकदा धाकट्याने विनोद सांगितला, आत्याने तो तसाच्या तसा पुढे सांगितला, आणि मग थोरला हसला. त्याच्या आधी नाही.

हे ती आम्हाला जेवताना सांगत होती. म्हणजे मला. "कल्पना कर," म्हणाली, "एकमेकांसमोर बसलेत, धडधडीत ऐकू येतंय, पण तिसऱ्याच्या तोंडून आल्याशिवाय ऐकलं असं मानतच नाहीत. इतकी अजब प्रथा मी कुठे बघितली नाही."

माझा घास हातातच राहिला. समोर बाबा मान खाली घालून जेवत होते. मग म्हणाले, तुझ्या आत्याला सांग, मीठ इकडे दे. मी सांगितलं. आत्याने मीठ माझ्याकडे दिलं, मी ते बाबांकडे दिलं, आणि आत्या पुढे शिंप्यांबद्दल बोलायला लागली. तिच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

नंतर ती एकटी असताना मी विचारलंच, आत्या, मग आपल्याकडे काय चालतं? ती म्हणाली, ते वेगळं आहे, तो माझा भाऊ आहे. मी म्हटलं, तेही भाऊच आहेत ना? तर म्हणाली, त्यांचं भांडण कशावरून आहे ते कुणाला माहीत तरी आहे का, आपलं मला चांगलं माहीत आहे. मी हात टेकले.

मग एक दिवस आत्या तणतणत घरी आली. तिने आपलं टिपण मोठ्या अभिमानाने बाईंना दाखवलं होतं, आणि त्या कालच्या पोरीने सगळं वाचून एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही नसता तेव्हा दुकानात काय होतं? आत्या म्हणाली, मी नसेन तर मी बघणार कशी? बाई म्हणाल्या, तेच म्हणते मी. तुम्ही बसल्यामुळे त्यांचं न बोलणं किती सोयीचं झालंय, ते बघा. थोडे दिवस जाऊ नका. आणि येणार नाही म्हणून सांगून या, म्हणजे ते तुमची वाट बघत बसणार नाहीत.

आत्याला ते झोंबलं. झोंबलं म्हणजे पटलं होतं. शिंप्यांचा रीतसर निरोप घेऊन ती स्टूल काखेत मारून घरी आली आणि पिंजऱ्यातल्या वाघासारखी येरझाऱ्या घालायला लागली. काय करत असतील दोघं? मी म्हटलं, मी माझी पँट खाली करायला घेऊन जाते आणि बघून येते. ती म्हणाली, अगं, तू दारात पाय टाकलास की तुझ्याच मार्फत सुरू होतील, कुणी गेलं तरी तेच होणार. म्हणजे दुकान रिकामं असताना काय होतं, ते या जगात कुणालाच बघता येणार नव्हतं. आत्याला इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. माणसांचा अभ्यास करायला निघालेल्या बाईला माणसांनी बाहेर उभं केलं होतं.

आठवडा कसाबसा काढून ती गेली. गल्लीच्या तोंडापासूनच तिला आवाज ऐकू आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. थोरला कात्री हातात घेऊन मागे वळलेला, धाकटा मशीनवरून उठलेला, आणि दोघं समोरासमोर उभे राहून कचाकचा भांडत होते. कुठल्याशा कोटाच्या अस्तरावरून. तू तिरकं कापलंस, तू ओढून शिवलंस, तुझे डोळे गेलेत, तुझा गुडघा गेलाय म्हणून पाय नीट पडत नाही मशीनवर. आत्या काचेबाहेर खिळून उभी राहिली. आठवडाभर गुडघा आणि खेळ आणि विनोद साठले असणार. एवढं सगळं घाईतल्या गिऱ्हाइकाकरवी कोण पोचवणार? आणि एकदा मोकळं बोलायची जिभेला सवय लागली की ती गप्प राहत नाही.

मग आत्याला राहवलं नाही आणि ती आत गेली. दोघांनी तिला बघितलं आणि जागच्या जागी गप्प झाले. थोरला टेबलाकडे वळला, धाकटा मशीनवर बसला. आणि थोरला म्हणाला, बरं झालं आलात, याला सांगा, अस्तर सरळच होतं.

आत्या म्हणाली, "तुम्हीच सांगा. मला बस पकडायचीय." आणि बाहेर पडली.

ही सगळी हकीकत तिने त्या संध्याकाळी जेवताना सांगितली. नेहमीसारखी हातवारे करून नाही, हळूहळू, आठवत आठवत. सांगून झाली तेव्हा बाबांनी मान वर केली. शिंप्यांबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर विचारलं नव्हतं.

"तुझ्या आत्याला विचार," ते म्हणाले, "तिच्या माघारी पहिल्यांदा कोण बोललं?"

मी आत्याकडे वळले, आणि विचारलं नाही. तोंड उघडलं आणि ते विचारायचं मला जमेचना. आत्या माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे, मी बसले होते त्या स्टुलाकडे. शिंप्यांकडून परत आल्यापासून ते टेबलाशी होतं आणि मी सहज त्यावरच बसत होते, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाबा. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. इतकी वर्षं जे तिच्या नाकासमोर होतं ते तिला आत्ता दिसलं होतं.

मग ती मला म्हणाली, "तुझ्या त्या नोकरीचं काय झालं?"

मी म्हटलं, नाही म्हणून सांगणार आहे. का? मी म्हटलं, तुम्ही दोघं अळणी जेवाल म्हणून. मला हे हसत म्हणायचं होतं, पण हसू आलं नाही, आणि मग मी उठून ताटं उचलायला लागले. बाबा ताटातल्या उरलेल्या घासाकडे बघत बसून राहिले. त्या रात्री दोघांपैकी कुणीच मला कुठला निरोप दिला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून गेले. घरच्यांना मागच्या रांगेत बसता येत होतं. बाबांना मी काही म्हटलं नव्हतं. आत्या बोलायला उभी राहिली आणि मी मागे वळून बघते तर दाराशी बाबा, कामाच्या कपड्यात, खांद्याला हत्यारांची पिशवी. नंतर म्हणाले, कॉलेजची लिफ्ट बघायला आलो होतो. कॉलेजची लिफ्ट ठणठणीत होती, मी तिनेच वर आले होते.

आत्या झकास बोलली. लठ्ठ गृहस्थांची गोष्ट सांगितली तेव्हा परीक्षकसुद्धा टेबलावर वाकून हसले. मग त्यांनी विचारलं ते तेच, बाबांनी विचारलेलं. तुमच्या माघारी पहिल्यांदा कोण बोललं? आणि काय बोललं?

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "मी तिथे असते तर ते बोललेच नसते. मधलं माणूस उठलं तर बोलणं होतं, आणि काय बोलणं झालं ते त्या मधल्या माणसाला कधीच कळत नाही. तेवढं त्याने सोसायला हवं."

हे ती परीक्षकांना सांगत होती, पण बघत होती माझ्याकडे. बाबांनी खांद्यावरची पिशवी उगीचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

बाहेर आलो. पोरांनी आत्याला गराडा घातला होता. बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, तुझ्या आत्याला सांग, चांगलं बोलली.

आत्या पाच हातांवर होती. तिने ऐकलं, आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगा. मला बस पकडायचीय." आणि तिथून निघाले ती थेट रस्त्यावर आले, मागे वळून न बघता, आणि मालकीणबाईंना फोन लावला. येते म्हणून सांगितलं. दोघांना अडकलेल्या लिफ्टमध्ये सोडून मीच दार लावून आले, असं वाटत होतं.

तर काय, बाबांनी सांगितलं का तिला? छे. दोघं घरी आली ती पुढे आत्या आणि मागे बाबा, दोन अनोळखी माणसांसारखी. मी निघेपर्यंत घरात तीच शांतता होती, फक्त मला आता कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. जायच्या दिवशी बाबांनी माझी बॅग उचलली, आत्याने दार उघडून धरलं. दोघंही एकाच वेळी म्हणाली, पोचलीस की फोन कर. मी जाताना ते स्टूल शेजारच्यांना देऊन टाकलं.

नव्या गावात मी रोज संध्याकाळी फोन करायचे. पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली, तुझ्या वडिलांना सांग, लाइटचं बिल आलंय. म्हणजे मी इतक्या दूरवरून बाबांना फोन करून सांगायचं, की ते बसलेत त्याच खोलीत बिल आलंय. मी म्हटलं, हॅलो, आत्या, आवाज तुटतोय. ती ओरडून बिल, बिल करत राहिली आणि मी फोन ठेवला. बाबांचंही तेच. तुझ्या आत्याला सांग म्हटलं, की माझा आवाज तुटायचा. माझ्याइतका खराब फोन त्या गावात कुणाचाच नसेल. शेजारी बसून दात रंगवणारी माझी मैत्रीण म्हणायची, तुझा फोन तर चांगला चालतो. मी म्हणायचे, तू गप्प बस. आणि मग मला धस्स व्हायचं.

फोन ठेवला की डोक्यात सुरू व्हायचं. मीठ असेल का घरात? बाबा भिंतीकडे बघत जेवत असतील का? दोनदा तर मी परत जायचं म्हणून मालकीणबाईंच्या दारापर्यंत गेले. एकदा त्या दिसल्या नाहीत. एकदा त्यांनी माझ्या हातातला दात उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, हा कुणालाही खराच वाटेल. मग माझ्याने सांगवलं नाही.

मग एका संध्याकाळी मी आत्याचा फोन लावला. बराच वेळ वाजला आणि उचलला बाबांनी. आत्याचा फोन बाबांनी. मी विचारलं, आत्या कुठेय? बरी आहे ना? ते घाईत होते. मागे आत्याचा आवाज येत होता, चढ्या पट्टीत, कॉलेजमध्ये आता पुढचं शिकायला नाव घालणार आहे आणि कुणी काही बोलायचं काम नाही, असं काहीतरी. बाबा म्हणाले, नंतर कर, आत्ता जमणार नाही. आणि फोनवरून तोंड बाजूला करून म्हणाले, "ताई, थांब जरा, ऐकून तरी घे, मी नको म्हटलंय का?"

ताई. तीन वर्षं मी तो शब्द बाबांच्या तोंडून ऐकला नव्हता. फोन त्यांनी तसाच टेबलावर ठेवला असावा, बंद करायचंही राहिलं. भांडण नीट ऐकू येत होतं, एकमेकांचं बोलणं तोडत, एकमेकांवर ओरडत, मधे कुणीही नाही. मी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या बाजूने फोन बंद केला. तिथे मी नकोच होते. मैत्रिणीने विचारलं, रडतेस कशाला, घरी काही वाईट झालं का? मी म्हटलं, नाही गं, दोघं भांडतायत.

पहिल्यांदा कोण बोललं, ते मला आजही ठाऊक नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, आत्याला विचार. आत्याला विचारलं तर ती हसते आणि म्हणते, तू नव्हतीस ना, मग तुला कसं सांगणार. काल फोन केला तर दोघं जेवत होती. मी विचारलं, काय चाललंय, काही सांगायचंय का कुणाला? आत्या म्हणाली, नाही गं, इथे सगळं बोलून झालंय, तू आपलं सांग.